गालिच्याला पाय लागू द्या!

आपल्याकडे किमती वस्तूला पाय लावायचा नसतो. पुस्तकाला पाय लागला की आपण वाकून नमस्कार करतो. नोटेला लागला तरी तेच. ताटाला लागला तर घरातल्या मोठ्यांचा धपाटा ठरलेला. आता अशा घरात एखादी किमती वस्तू आली, जिचा जन्मच पायाखाली जाण्यासाठी झालाय, तर तिचं करायचं काय?

गालिच्याच्या बाबतीत मराठी मध्यमवर्गाने या प्रश्नाची दोन उत्तरं शोधून काढली आहेत. एक, तो गुंडाळून लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवायचा आणि दिवाळीत पाहुणे यायच्या आधी अर्धा तास अंथरायचा. दोन, अंथरायचा, पण पोरांना त्याच्यावरून जाऊ द्यायचं नाही. आमच्या घराने तिसरं उत्तर शोधलं. आम्ही तो सरळ भिंतीवर टांगला. आणि जवळजवळ पन्नास वर्षं तो तिथेच होता.

आमचं घर ओझरचं. अष्टविनायकातलं विघ्नहराचं ओझर जुन्नरजवळ, ते नव्हे. आमचं नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं, मुंबई-आग्रा हायवेवरचं. नाशिककर याला ‘ओझर मिग’ म्हणतात, कारण सोव्हिएत सहकार्याने मिग विमानं बांधायचं ठरलं आणि १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे आपलं एचएएल, इथे आलं. कारखान्याला लागून टाउनशिप उभी राहिली. आजोबा तिथे नोकरीला होते, मग बाबाही तिथेच लागले. माझं लहानपण त्या क्वार्टर्समध्ये गेलं.

विमानांबरोबर विमानं शिकवणारी माणसंही आली. सोव्हिएत तंत्रज्ञ आणि त्यांची कुटुंबं. आजीच्या गोष्टींमध्ये त्या सगळ्यांचं एकच आडनाव आहे : रशियन. रशियन बाई बाजारात बोटांनी भाव करायच्या. रशियन बाई मे महिन्यात लालबुंद व्हायच्या. रशियन बाईंना कैरीचं पन्हं भारी आवडायचं.

सत्तरच्या दशकात त्यांतलं एक कुटुंब परत निघालं, तेव्हा सामान हलकं करायला बरंच काही इथेच सोडून गेलं. त्यातला एक गालिचा आमच्याकडे आला. कसा आला, याचे घरात दोन वृत्तांत आहेत. आजीच्या मते रशियन बाईंनी तो तिला मायेने दिला, कारण त्यांच्या मुलाच्या तापात आजी रात्रभर उशाशी बसली होती. आजोबांच्या मते तो तीनशे रुपयांना पडला, दोन हप्त्यांत, वर एक प्रेशर कुकर. आजोबा गेले, तेव्हापासून आजीचा वृत्तांत अधिकृत झालाय.

भिंतीवर टांगायची कल्पना मात्र आमची नव्हती. सोव्हिएत घरांत गालिचा भिंतीवर टांगायची पद्धत सर्रास होती. गार पडणाऱ्या भिंतीला ऊब, शेजाऱ्यांचा आवाज थोडा कमी आणि आल्यागेल्याला दिसेल अशी श्रीमंती. एका दगडात तीन पक्षी! आजीने रशियन बाईंच्या घरी तो भिंतीवर बघितला होता, तिनेही भिंतीवर लावला. तसं बघायला गेलं तर ओझरला ते शोभूनही दिसायचं. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी दर थंडीत पेपरात येते ना, ती आमच्याच तालुक्याची.

एक गोष्ट झाली. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या फोटोंना लाल बॅकग्राउंड मिळाली. बाबांची मुंज, आत्याचा ‘दाखवायचा’ फोटो, माझं बारसं, दादाचा दहावीचा निकाल. माणसं म्हातारी होत गेली, टीव्ही बदलले, सोफा तीनदा बदलला. मागचा लाल चौकोन तोच!

रशियन नसलेला रशियन गालिचा

चार फूट बाय सहा फूट. गडद, जवळजवळ पिकलेल्या जांभळाकडे झुकणारा लाल. त्यावर रांगेने अष्टकोनी ठसे, कडेला पट्ट्यांमागून पट्ट्या. आजी त्या ठशांना ‘हत्तीचे पाय’ म्हणायची, आणि आम्ही भावंडं दुपारी सोफ्यावर उभं राहून ते मोजायचो.

पुढे पत्रकारितेत आल्यावर एका फीचरच्या निमित्ताने गालिच्यांच्या व्यापाऱ्यांशी बोलायची वेळ आली. मोबाइलवर आमच्या हॉलचा फोटो दाखवला, तर एक जण पटकन म्हणाला, ‘‘ये तो फिलपा जैसा है.’’ फिल म्हणजे हत्ती, पा म्हणजे पाय. मोठ्या अष्टकोनांच्या अफगाण आणि तुर्कमेन गालिच्यांना या धंद्यात खरोखरच हत्तीचा पाय म्हणतात! आजीने पुस्तकाचं पान न उलटता बरोबर नाव ठेवलं होतं.

त्या ठशाचं खरं नाव ‘गुल’. तुर्कमेन टोळ्यांची ही खूण. प्रत्येक मोठ्या टोळीचा गुल वेगळा, आणि आमच्या गालिच्यावरचा तेक्के टोळीच्या पद्धतीचा निघाला. थोडासा गोलसर अष्टकोन, चार भागांत विभागलेला, आणि एका गुलातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बारीक काळपट रेघा. तुर्कमेनिस्तानचा झेंडा कधी नीट बघितलाय? त्याच्या हिरव्या रंगावर डावीकडे एक लाल उभी पट्टी आहे आणि तिच्यात पाच गुल एकाखाली एक विणल्यासारखे काढलेत. एखाद्या देशाने आपला गालिचा झेंड्यावर घ्यावा, यावरून तिथे त्याचं काय स्थान असेल ते समजा. २०१९ मध्ये युनेस्कोनेही तुर्कमेन गालिचेकलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

म्हणजे आमच्या घरातला ‘रशियन गालिचा’ रशियन नव्हताच. तुर्कमेनिस्तान १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता, त्यामुळे तिथला गालिचा एका रशियन घराच्या भिंतीवरून ओझरच्या मराठी घराच्या भिंतीवर आला, एवढंच.

बाजारात असले गालिचे ‘बुखारा’ किंवा ‘बोखारा’ नावाने विकले जातात. बुखारा हे शहर उझबेकिस्तानात. तिथे हे गालिचे विकायला यायचे, म्हणून नाव त्या बाजाराचं पडलं. आम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. द्राक्षं पिकतात ओझर, पिंपळगाव, दिंडोरीला, आणि मुंबईच्या हातगाडीवर ती सगळी ‘नाशिकची द्राक्षं’ असतात!

आवडलं, नाही आवडलं

मराठी मुलाची गालिच्याशी पहिली ओळख बहुधा शाळेत होते, बालकवींच्या ‘फुलराणी’त. तोही गवताचा. घरात असते ती सतरंजी. आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही, उलट त्यात शहाणपण आहे. लव असलेला गालिचा ही मुळात थंडीची वस्तू. मध्य आशियाच्या तंबूत, बर्फाळ जमिनीवर त्याची गरज होती. जगातला सगळ्यात जुना पूर्ण गालिचा सापडला तोही सैबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे, एका थडग्यात. १९४९ साली. सुमारे चोवीसशे वर्षं तो टिकला, कारण थडग्यात पाणी शिरून बर्फ झालं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गार फरशीवर पाठ टेकण्याइतकं सुख दुसरं नाही. म्हणून आपली जमिनीवरची संस्कृती सपाट : चटई, जाजम, सतरंजी. सुती, दोन्हीकडून वापरता येणारी, नळाखाली धुवून गच्चीवर वाळत टाकता येणारी.

म्हणूनच पहिला पगार झाल्यावर आपल्या पिढीतले मित्र-मैत्रिणी फ्लॅटसाठी काय काय ‘रग’ घेतात ते बघून मला मजा वाटते. गेल्या पाच-सहा वर्षांत मी पुण्या-मुंबईतल्या भाड्याच्या फ्लॅट्समध्ये भरपूर गालिचे तुडवलेत, त्यामुळे माझी मतं आता पक्की झालीत.

मला न आवडणाऱ्या गोष्टी आधी सांगते. लांब केसांचे शॅगी रग. त्यात रिमोटचे सेल, शेंगदाणे आणि एकदा तर कानातलं सापडलंय. त्यानंतर ‘पर्शियन’ म्हणून ऑनलाइन मिळणारे पॉलिस्टरचे छापील रग. पर्शियाशी त्यांचा संबंध आपल्या गल्लीतल्या चायनीजच्या गाडीचा चीनशी असतो तितकाच. मग मुद्दाम झिजवलेले, फिकट केलेले ‘व्हिंटेज लूक’वाले. अरे, झिजवायचं काम आपलं आहे, दुकानदाराचं नाही! आणि ऑफिसातलं ते करडं वॉल-टू-वॉल कार्पेट, ज्याच्यावर कुणी कधी अनवाणी चाललेलं मी बघितलेलं नाही.

काश्मिरी रेशमी गालिच्यांबद्दल बोलायला भीती वाटते, कारण ते खरंच सुंदर असतात. एम्पोरियममधला माणूस तो दोन हातांनी गर्रकन फिरवतो, एकीकडून फिका दिसणारा दुसरीकडून गडद होतो, आणि आपण ‘वॉव’ म्हणतो. तरी तो मला घरी नको. त्याच्यासमोर मी पाहुणी होऊन जाईन.

मला आवडते लोकर. आवडतात फुला-वेलींपेक्षा सरळ रेघा आणि कोन. आवडतो लहान आकार, पलंगाशेजारी किंवा खिडकीखाली मावेल एवढाच. आणि सगळ्यात आवडतो रंगातला असमानपणा. आमच्या गालिच्यात एका बाजूला वीतभर पट्टा बाकीपेक्षा किंचित उजळ लाल आहे. लहानपणी मला वाटायचं, तिथे ऊन लागलं असेल. तसं नाही. लोकरीची एक खेप संपली, दुसरी रंगवली, तिचा रंग जरा वेगळा उतरला. या पट्ट्यांना गालिच्यांच्या भाषेत ‘अब्राश’ म्हणतात आणि जाणकार लोक तो दोष मानत नाहीत. कारखान्यातला लाल इथून तिथून एकच असतो. हातातला लाल तसा नसतो.

बजेट नसेल तर? बिनधास्त सोलापूरची सतरंजी घ्या. नाहीतर खरीखुरी घोंगडी. दख्खनी मेंढीची काळीकरडी लोकर, धनगर बायकांनी कातलेलं सूत, हातमागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली. सुरुवातीला टोचते, हे खरंय. पण वर्षभरात ती तुमची होते. तिला ‘एथ्निक थ्रो’ म्हणून सोफ्याच्या पाठीवर टाकू नका. खाली अंथरा, बसा.

उलटा करून बघा

गालिचा हाताचा की मशीनचा, हे ओळखायला कुणी एक्स्पर्ट लागत नाही. दुकानात जा आणि तो उलटा करा. दुकानदाराचा चेहरा बघत राहू नका, पाठ बघा.

गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर पुढचं अख्खं डिझाइन जवळजवळ तेवढंच स्पष्ट दिसतं. बारीक बारीक ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाठ, आणि ओळी किंचित वरखाली. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो बहुतेक ‘टफ्टेड’, म्हणजे हातातल्या बंदुकीसारख्या यंत्राने कापडात लोकर घुसवून, मागून डिंकासारखं लेटेक्स लावून केलेला. तोही वाईट नाही. पण त्याला ‘हँडमेड’ म्हणून गाठीच्या गालिच्याची किंमत देऊ नका. आणि टोकाच्या झालरी ओढून बघा. खऱ्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याच्या धाग्यांचीच टोकं असतात. ती मागाहून शिवलेली दिसली तर काय समजायचं ते समजा.

विणण्याची रीत ऐकायला सोपी आहे. मागावर ताणा घट्ट बसवलेला असतो. विणकर दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळते, खाली ओढते, सुरीने कापते. ही एक गाठ. ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा जातो आणि जड फणीने ठोकून ओळ बसवतात. मग पुढची ओळ. काश्मीरमध्ये तर या गाठींची एक लिपीच आहे, ‘तालीम’ नावाची. कुठल्या रंगाच्या किती गाठी हे एक जण वाचतो आणि मागावरचे त्याप्रमाणे बांधत जातात. तुर्कमेन परंपरेत हे काम बायकांचं.

एका रविवारी मी स्टीलची पट्टी घेऊन आमच्या गालिच्याच्या मागे लागले. इंचभर रुंदीत ११ गाठी, इंचभर उंचीत १३. म्हणजे चौरस इंचाला १४३. चार बाय सहा फूट म्हणजे ३४५६ चौरस इंच. गुणाकार केला तर ४ लाख ९४ हजार २०८! एका हाताने दिवसाला आठ हजार गाठी मारल्या असं धरलं, तरी सुट्टी न घेता दोन महिने. त्यात लोकर कातणं, रंगवणं, माग लावणं, शेवटी लव कापणं, धुणं, काहीच धरलेलं नाही. आणि आमचा गालिचा तसा साधाच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या १५३९-४० सालच्या अर्दबिल गालिच्यात दोन कोटी साठ लाखांच्या आसपास गाठी आहेत.

मी ती पट्टी खाली ठेवली तेव्हा पहिला विचार आला तो आजोबांच्या तीनशे रुपयांचा. दुसरा आला तो त्या बाईचा, जिचं नाव आम्हाला कधीच कळणार नाही. आमच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत तिचं काम आहे.

आणि हो, गाठी कुणी मारल्या हा प्रश्न नुसता भावुक होण्यापुरता नाही. आपल्याकडचा गालिच्यांचा मोठा पट्टा उत्तर प्रदेशात, भदोही-मिर्झापूरकडे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथल्या मागांवर लहान मुलं राबवली जायची, आणि त्यासाठी ‘लहान बोटांनी गाठ बारीक बसते’ असं निलाजरं कारण दिलं जायचं. कैलाश सत्यार्थींनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, त्यातून १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे बालमजुरीमुक्त गालिच्याचं लेबल सुरू झालं. आज ते ‘गुडवीव्ह’ नावाने चालतं. सत्यार्थींना २०१४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं ते आपल्याला आठवतं, पण दुकानात लेबल विचारायचं आठवत नाही. विचारा. फार तर दुकानदार वैतागेल.

कसर

२०२२ मध्ये बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं ठरलं. ओझरमध्येच टाउनशिपबाहेर एक रो-हाउस घेतलं होतं, तिकडे सामान हलायला लागलं. सगळ्यात शेवटी भिंतीवरून गालिचा काढला.

मागची भिंत कोरी करकरीत निघाली, बाकी हॉलपेक्षा दोन शेड उजळ. पण गालिचा? वरच्या कडेला, जिथे तो पट्टीवर दुमडून ठोकला होता, तिथे वीतभर पट्ट्यात लव गायब होती. हात फिरवला की भुसा गळत होता. लोकर खाल्ली गेली होती, आतले दोरे उघडे पडले होते.

कसर लागली होती. मराठीत हा शब्द आपण ‘उणीव’ म्हणून वापरतो, पण आजीच्या पिढीला तो किडा म्हणूनच माहीत आहे. एक चिमुकला पतंग लोकरीत अंडी घालतो, आणि त्यातून निघालेल्या अळ्या लोकर खातात. त्यांना लागतो अंधार आणि शांतता. जिथे कुणी हात लावत नाही, झटकत नाही, ऊन दाखवत नाही, ती जागा. भिंत आणि गालिच्याच्या मधली ती दुमड म्हणजे कसरीचं क्वार्टरच होतं म्हणा ना.

घरात कौन्सिल बसली. काका म्हणाले, आहे त्या स्थितीत विकून टाका, अँटिक म्हणून कुणीतरी घेईल. आत्या म्हणाली, चांगला भाग कापून फ्रेम करू, दोघं भावंडं आणि मी, तीन फ्रेम होतील. आई म्हणाली, दुरुस्त करू आणि जुन्या सुती साडीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवून देऊ. बाबा म्हणाले, परत भिंतीवर, पण काचेत. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं खरं तर. हा गालिचा वाचला पाहिजे.

आजी गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मला एकदा त्याच्यावर बसायचंय.’’

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. पन्नास वर्षं! या बाईने पन्नास वर्षं त्या गालिच्यावरची धूळ झटकली, त्याच्यासमोर बसून सोयरिकी ठरवल्या, फोटो काढले. आणि त्याच्यावर ती कधी बसलीच नव्हती.

‘‘अहो, पण पाय लागतील त्याला,’’ आई म्हणाली.

‘‘लागू दे ना गं. त्या बाईने पायांसाठीच केला असेल तो,’’ आजी म्हणाली. ‘‘मी कुणाच्या पायाखालची वस्तू इतकी वर्षं देवासारखी लावून ठेवली, आणि त्याला किडा लागला तो लागलाच.’’

मी तो मुंबईत एका कारागिराकडे नेला. मूळचे भदोहीचे, तीन पिढ्या हेच काम. त्यांनी तो उलटा केला (अर्थात!), अंगठ्याने पाठ चाचपली आणि विचारलं, ‘‘दीवार पे टाँगा था?’’ मग समजावलं. गालिच्यावर माणसं चालली की लव दबते, पण ती हलती राहते. घरच्या बायका तो झाडतात, उचलतात, उन्हात टाकतात. अळीला निवांत जागा मिळत नाही. बूट, चिखल, सोफ्याचे पाय हे गालिच्याचे शत्रू. अनवाणी पाय त्याचे शत्रू नाहीत.

दुरुस्तीला दीड महिना लागला आणि माझ्या चार लेखांचं मानधन. खाल्लेल्या भागात नवा ताणा घातला आणि एकेक गाठ परत मारली. लाल रंग मात्र तंतोतंत जुळला नाही. कारागिराने आधीच सांगितलं होतं, जुळणार नाही. लांबून कळत नाही, जवळून कळतं. आईला ते खुपतं. मला तो आणखी एक अब्राश वाटतो, ओझरचा.

घर म्हणजे म्युझियम नव्हे

अर्दबिल गालिचा काचेत असतो आणि रंग उडू नयेत म्हणून तिथले दिवे दर अर्ध्या तासाने फक्त दहा मिनिटं लागतात. ते योग्यच आहे. म्युझियमचं कामच ते, पुढच्या चारशे वर्षांसाठी जपणं. पण आपला हॉल म्युझियम नाही. आपल्याकडे वस्तू जपणं म्हणजे ती न वापरणं, असं एक समीकरण होऊन बसलंय. चांगला डिनर सेट शोकेसमध्ये आणि जेवण स्टीलच्या ताटात. चांगली साडी ट्रंकेत, घडीवर चिरली तरी चालेल. पाहुणे येतील तेव्हा बघू. आपण मात्र आपल्याच घरात कधी पाहुणे होत नाही.

हे सगळं सांगताना मला आईचा मुद्दा पटत नाही असं नाही. वापरलं की झिजतं. आमचाही झिजणार आहे. दहा-वीस वर्षांनी मधली लव बसेल, मग पुन्हा कुणाकडे तरी न्यावा लागेल. पण न वापरताही तो झिजतच होता, आणि तेही कुणाच्या उपयोगी न पडता. झीजच व्हायची असेल तर ती आजीच्या पायांनी झालेली मला चालेल.

आता तो रो-हाउसच्या हॉलमध्ये खिडकीपासून थोडा लांब अंथरलेला असतो, थेट ऊन लागणार नाही असा. दर आठवड्याला झाडायचा, ब्रश न फिरवता व्हॅक्यूम करायचा. सहा महिन्यांनी टोकं फिरवायची, म्हणजे एकाच जागी झीज होत नाही. काही सांडलं तर घासायचं नाही, कोऱ्या सुती फडक्याने टिपायचं. वर्षातून दोनदा उलटा करून थोडा वेळ उन्हात. बास. डांबराच्या गोळ्या लागत नाहीत.

आई पहिले कित्येक दिवस त्याला वळसा घालून जायची. स्वयंपाकघरातून देवघराकडे जायला सरळ चार पावलं, पण ती भिंतीच्या कडेने. मग एक दिवस कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ती धावत मधूनच गेली. आता जाते.

आजी ८१ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे खाली बसणं तिला जमत नाही, त्यामुळे तिचं ‘एकदा बसायचंय’ हे तसं राहूनच गेलं. तिची खुर्ची आम्ही गालिच्यावर ठेवायला गेलो, तर तिने ती बाहेर ठेवायला लावली. खुर्चीच्या पायांनी लव तुटते म्हणे, कारागिराने सांगितलेलं मी तिला सांगितलं होतं ते तिच्या बरोबर लक्षात. खुर्ची बाहेर, पाय आत, अशी ती संध्याकाळी बसते. तळपायाने हत्तीच्या पायांवरून सावकाश पुढे-मागे करत राहते. डोळे टीव्हीवर असतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला, तेही तिने अशाच बसून बघितलं. ज्या विमानापायी ते रशियन कुटुंब ओझरला आलं होतं, ते विमान निवृत्त झालं. सोव्हिएत संघ तर कधीच गेला. क्वार्टरही सुटलं. मी तिला म्हटलं, ‘‘आजी, तुझा गालिचा सगळ्यांना पुरून उरला.’’

ती म्हणाली, ‘‘अगं, आता कुठे सुरू झालाय तो.’’

तेव्हा पुढचा इन्क्रिमेंट हातात पडला की एक लहानसा का होईना, हाताने विणलेला गालिचा घ्या. गाठीचा, सतरंजीचा, घोंगडीचा, जो परवडेल तो. उलटा करून बघा, कुणी विणला ते विचारा, घासाघीस बेताची करा. घरी आणलात की गुंडाळून ठेवू नका. पाहुण्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी अंथरा आणि खुशाल चाला त्याच्यावरून.

चप्पल तेवढी दारात काढा.